साहेबासाठी झाडलेला घाट

मंडळी, बसा. मागचे, खाली बसा! काल्याला वेळ आहे, लाह्या कुठं पळून जात नाहीत. त्याआधी मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. पाहुणा मोठा, की घरचं माणूस मोठं?

हं! लागल्या पाहा मायमाउल्या पदराआड हसायला. उत्तर कोणी देत नाही. देणार कसं? पाहुणा आला की कपाटातल्या कपबश्या निघतात, अन् घरच्या म्हाताऱ्याला कान तुटलेला कप! असू द्या. मी एक हकीकत सांगतो, उत्तर शेवटी तुम्हीच द्या.

झाडीपट्टीत एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथंही मला कीर्तनाला बोलावतात. गावाला मालगुजाराच्या काळचा मोठा तलाव. बांधाच्या पाळीवर गावदेवी मातामायचं देऊळ, खाली दगडी घाट. त्या तलावावर मासे धरून जगणारा ढिवर, उरकुडा मारबते. साठी उलटलेली, अंगानं काटक, अन् डोकं म्हणाल तर चुलीवरचा तवा, कायम तापलेला! तापायला कारण होतं, जी. तलावात बेशरम माजली होती.

अहो, हसता काय? शिवी नाही देऊन राह्यलो, झाडाचं नाव आहे! जांभळ्या फुलांची ती. तोडून फेकली तर फेकली तिथं मूळ धरते, म्हणून बेशरम. अर्धा तलाव तिनं खाल्ला. पाण्यात आपोआप उगवणारं देवधान गेलं, पाखरं गेली, मरळ तर औषधालाही उरली नाही. मासे नाहीत, मग पोट कशावर? उरकुड्याचा एकुलता पोरगा भोजराज नागपुरात एका इमारतीच्या फाटकावर पहारेकरी झाला. जाताना म्हणाला, "बाबा, तलाव साफ झाला का मी परत येतो." बस! त्या एका वाक्यावर म्हातारा जगत होता.

कोणीतरी सांगितलं, तलाव सुधारायला सरकार अनुदान देते, अर्ज कर. गेला बिचारा तालुक्याला. अर्जात रकाना होता— तलावात माजलेल्या वनस्पतीचे नाव. यानं लिहिलं, बेशरम. खिडकीतल्या बाबूनं वाचलं, चष्मा काढला, चष्मा पुसला, परत वाचलं.

"हे कोणाला उद्देशून लिहिलंय?"

उरकुडा म्हणाला, झाडाचं नाव आहे जी. बाबू म्हणाला, सरकारी कागदावर असलं चालत नाही, शास्त्रीय नाव आणा. आता ढिवराला शास्त्रीय नाव कुठलं ठाऊक? शाळेच्या मास्तरांकडून हातभर लांब नाव लिहून आणलं, तोवर मुदत संपली होती.

दुसऱ्या वर्षी बाबूनं विचारलं, तलाव कोणत्या खात्याचा? या खात्यानं सांगितलं, त्या खात्याचा. त्या खात्यानं सांगितलं, छे, आमच्याकडे नोंदच नाही. वा रे वा! मासेमारीचा ठेका द्यायचा असला की तलावाला दोन-दोन मालक, अन् साफ करायचा म्हटला की तलाव पोरका! तिसऱ्या वर्षी फोटो मागितले, तेही असे की जागेचा ठावठिकाणा फोटोवर आपोआप उमटला पाहिजे. तेही केलं. पोरगा फोनवर विचारायचा, झाला का बाबा? अन् म्हातारा सांगायचा, होऊन राह्यलं. काय होऊन राह्यलं? कपाळ! पण लेकाला सांगणार काय?

अन् एक दिवस निरोप आला, सोमवारी साहेब स्थळपाहणीला येणार. मग काय विचारता! गावात लगीनघाई. शुक्रवारपासून माणसं कमरेइतक्या पाण्यात. घाटाच्या दोन्ही अंगांची बेशरम मुळासकट उपटली. गाळ काढला. बायकांनी पायऱ्या घासल्या, सडा घातला, रांगोळ्या काढल्या. उरकुड्याची बायको सायत्राबाई, तिनं तर देवळाला चुना दिला. अन् उपटलेली बेशरम? साहेबाला कचरा दिसला तर बरं दिसतं का? देवळामागं नेऊन लपवली! वरून ताडपत्री! हे सगळं करवून कोण घेत होतं? आमचा शहाणा, उरकुडा. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला.

मंडळी, तुम्ही काय वेगळं केलं असतं? पाहुण्याला घाण दाखवायची, हे आपल्या रक्तातच नाही.

सोमवारी साहेब आले. माणूस वाईट नव्हता. घाटावर उभे राहिले, चहा घेतला, चिवडा खाल्ला, समोर पाहिलं. स्वच्छ पाणी, वर आभाळ. म्हणाले, तुमचा तलाव छान आहे हो! अन् हा भोळा शंकर छाती फुगवून म्हणतो, होय जी. अरे, होय काय? त्यांना तलावाच्या वळणापलीकडे ने, जिथं बेशरम तशीच उभी आहे, चिखलात उतरव, ती ताडपत्री तरी उचल! पण साहेबांच्या पायांत चांगले बूट होते. अशा माणसाला चिखलात चला कसं म्हणावं?

महिन्यानं कागद आला. मास्तरांनी वाचून दाखवला. "तलाव सुस्थितीत आढळून आला. सबब अनुदानाची आवश्यकता दिसून येत नाही."

उरकुड्यानं त्या दिवशी कोणाला सोडलं नाही. साहेबाला बोलला, बाबूला बोलला, मास्तरांनी नुसता कागद वाचला होता तर त्यांनाही बोलला. वाढलेलं ताट सारलं अन् भर दुपारी घाटावर जाऊन मातामायशीच भांडायला लागला. तीन वर्सं झाली, माय, मी चपला झिजवल्या, तू काय केलंस? सायत्राबाई मागं येऊन पायरीवर बसली होती. तिनं त्याला भांडू दिलं. मग नुसतं बोट दाखवलं.

घाटालगतच्या मोकळ्या पाण्यावर तांबूस पिल्लांचा एक झुबका हलत होता. अन् खाली, काळी, हातभर लांब, पिल्लांची राखण करत— मरळ! किती वर्षांनी! म्हातारा भांडण सोडून पाण्याकडे वाकला. तेव्हा सायत्राबाई म्हणाली,

"साहेब एक दिवस येनार होता, तं तीन दिवसांत एवढं काढलं. मातामाय तं रोजच इथं हाय. तिच्यासाठी तीन वर्सं काऊन नाही काढलं?"

तुमच्याजवळ आहे याचं उत्तर?

संध्याकाळी त्यानं लेकाला फोन लावला. तीन वर्षं जे बोलत होता, ते आज नाही बोलला. म्हणाला, "तलाव झाला नाही, बापू. तू ये, मंग होईल."

पोरगा आला का, विचारता? आला. कायमचा आला असं खोटं कशाला सांगू? चार दिवसांची रजा टाकून आला, बापाबरोबर पाण्यात उतरला, अन् परत गेला. पुढच्या महिन्यात परत आला, येताना फाटकावरचे दोन सोबती घेऊन. आता वळणापर्यंत पाणी मोकळं झालं आहे. अन् अर्ज? तो उरकुडा यंदाही भरणार! सोडायचा कशाला, हक्काचा आहे. रकान्यात परत बेशरमच लिहिणार म्हणतो, ज्याला लागेल त्याला लागो.

आता तुमच्याकडं वळतो, हसणं पुरे. आज मी येणार म्हणून तुम्ही वेशीपासून सडा घातला. कमान बांधली, पताका लावल्या, डोळे निवले माझे. पण त्या कमानीचं कापड उजव्या अंगाला एवढं लांब का ताणलं हो? वारा आला, कापड उडालं, अन् मला तुमचा तलाव दिसला! जांभळी फुलं फार छान फुलली आहेत. बेशरम तलावात जास्त आहे की काठावर, हे काही मला नक्की कळलं नाही.

मी चार वाजताच्या एसटीनं जाणारा माणूस. माझ्यासाठी एवढं केलंत. तुमच्या पाळीवरची माय मात्र कुठल्या एसटीनं जात नाही, ती घरचीच. तिच्या वाटेवर सडा कधी पडला होता?

टाळ खाली ठेवा. काल्याआधी हात धुवायचे असतात ना? चला, तलावावर धुऊ. येताना घरून कोयते घ्या. मी धोतर खोचून पुढं होतो.