मधली खुर्ची

...आणि वर मलाच म्हणतात, तू घाबरट. तुम्हाला सांगतो, रिकाम्या खुर्चीसमोर पाठ ताठ करून बसायची पाळी तुमच्यावर आली असती ना, म्हणजे कळलं असतं. मी शाळा आठवीत सोडली, चार माणसांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते, म्हणून तर हे काम धरलं, खुर्च्यांच्या गाद्या भरायचं. खुर्ची काही विचारत नाही. असं मला वाटायचं.

माझी ताई डॉक्टर. तिला सर्जन व्हायचं होतं, त्या शिक्षणाला मुलाखत असते, जागा अगदी थोड्या, आणि ही तिची शेवटची संधी. यंदा नाही तर कधीच नाही. त्यामुळे घरभर गाठी, टाक्यांचा सराव म्हणून... पडद्याला गाठ, नळाला गाठ, दुपारी जरा डोळा लागला तर माझ्या शर्टाच्या गुंडीला गाठ आणि दोऱ्याचं दुसरं टोक पलंगाला. उठायचं कसं माणसानं?

मग म्हणाली, मुलाखतीच्या सरावाला समोर तीन परीक्षक हवेत, निदान त्यांच्या खुर्च्या तरी दुकानातून आण. आणल्या. दोन साध्या, मधली एका बंद पडलेल्या हॉस्पिटलातली, दुरुस्तीला टाकून गेले ते परत कोणी आलंच नाही. मी नवा फोम भरलेला, वर रेक्झिन असं ताणून बसवलेलं की एक सुरकुती नाही. आणि बघतो तर बैठकीत खळगा. कोणी बसल्यासारखा.

म्हटलं, फोम वाईट. बदलला. परत खळगा. मी आपला गाद्या भरणारा माणूस, मला काय कळतंय?

पण एक कळतं. माणूस कंटाळला की मागे रेलतो, गादी मागून दबते. ऐकायला लागला की पुढे सरकतो, पुढची कड दबते. ताई म्हणायची, "मला रुग्णांची सेवा करायची आहे," आणि खळगा मागे जायचा. सावकाश... आवाज न करता.

"ताई, त्यांना नाही आवडलं."

"कुणाला?"

मी बोट दाखवलं. तिनं खळग्यात हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. "कोमट आहे रे." मग घसा खाकरून पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि आमची आई? घाबरायचं सोडून म्हणते, "एवढं ऐकून घेतायत बिचारे, पाणी तरी विचारा," आणि मधल्या खुर्चीपुढे ग्लास. आता अशा घरातून उठायचं कसं माणसानं?

सेवा म्हटलं, मागे. ध्यास म्हटलं, आणखी मागे. शेवटी ताई रडकुंडीला आली. "फाटलेलं उघडं राहिलं की मला चैन पडत नाही, झालं? लहानपणी ह्याची उशी फाटली तर शिवून होईपर्यंत मी जेवले नव्हते. एवढंच आहे माझ्याकडे."

कड दबली. मी आपला गाद्या भरणारा माणूस, पण गादीचं मला चुकीचं दिसत नाही.

मुलाखतीला ती घराबाहेर पडली आणि इकडे खळगा भरून आला. गादी सपाट, गार. "गेले," मी म्हटलं. आई म्हणाली, "तिच्या सोबतीला गेले असतील."

ताई परतली ती पांढरीफटक. आत तीन खुर्च्या, मधली रिकामी, मोठे साहेब आजारी म्हणून आलेच नव्हते. पण उरलेले दोघं प्रत्येक प्रश्नाआधी मधे बघायचे म्हणे, परवानगी घेतल्यासारखे. "मग मीही तिकडेच बघून उशीचं सांगितलं."

"आणि?"

"कड दबली रे."

निवड झाली, ताई परगावी गेली. सुटलो म्हणून मी खुर्च्या उचलायला गेलो, तर मधलीत खळगा परत, आणि खुर्चीचं तोंड माझ्याकडे. पुढ्यात भरलेला ग्लास. आई म्हणाली, "बस ना जरा, त्यांना करमत नसेल. सांग काहीतरी स्वतःबद्दल." मी काय सांगणार? म्हटलं, मी आपला गाद्या भरणारा माणूस...

कड दबली.

तेव्हापासून रोज सांगतोय. हे तुम्हाला सांगितलं, हेही त्यांचं ऐकून झालंय. जन्मात कोणी माझं इतकं ऐकलं नव्हतं, तेही खरंच. पण एकदाही मागे रेलत नाहीत हो... उठायचं कसं माणसानं?