चहाची चार मिनिटं

मंडळी, ऐका. आज एक प्रश्न घेऊन आलोय, आणि आधीच सांगून ठेवतो – उत्तर आणलेलं नाही! दर वेळी कीर्तनात हे बुवा दोन्ही आणतात. आज निम्मंच सामान आलंय.

प्रश्न असा – एखाद्या गोष्टीचा शेवट कळला, म्हणजे ती गोष्ट पाहून झाली का? आणि शेवट ठाऊक असताना माणूस तीच पुन्हा का बघतो? तुम्हीच बघा ना, वीस वर्षं माझी तीच आख्यानं ऐकताय. राक्षस कधी मरणार, हे त्या खांबाशी बसलेल्या काकूंना माझ्याआधी ठाऊक असतं. तरी येता. का येता? प्रसादाला? – हसू नका, काही जण त्यासाठीच येतात.

तर हे आमचे विष्णुपंत नेर्लेकर. सव्वीस वर्षं माझ्या शेजारी तबल्यावर बसतात. आजची गोष्ट त्यांच्या घरची आहे, त्यांना विचारूनच सांगतोय. त्यांची लेक केतकी मुंबईत मालिकांचं संकलन करते. म्हणजे चित्रीकरण झालं की कुठलं दृश्य किती वेळ ठेवायचं, कुठं कापायचं, ते ती बघते. लयीचंच काम की! तबलजीची पोर दुसरं काय करणार?

यंदा तिला मोठं काम मिळालं. सुपरहिरोची मालिका, आठ भाग. नायक उडतो, भिंती फोडतो, पण हसत म्हणून नाही! आणि जिकडं तिकडं अंधार. अहो, एवढं मोठं शहर, पण कुणी ट्यूब लावत नाही. याला उडता येतं ना? मग वर जाऊन एक दिवा बदल की बाबा!

असो. त्यात एक पूल कोसळतो. नायक पोचतो, पण उशिरा, आणि एक तरुण मुलगा जातो. पाचव्या भागात नायक साध्या कपड्यांत त्या मुलाच्या आईकडं जातो. ‘माझ्या हातून उशीर झाला’ एवढंच सांगायला. ती म्हातारी चहा करते. चार मिनिटं नुसता चहा! संवाद असा नाहीच.

मालिका लागण्याआधी कंपनीनं ती काही लोकांना दाखवली, तर नेमकं तिथंच लोकांनी ती पुढं पळवली. कंपनी म्हणाली, चाराचं अर्धं मिनिट करा. केतकीचा जीव त्या चार मिनिटांत अडकलेला. तिनं मंगळवारपर्यंत मुदत मागितली आणि आठही भाग वडिलांना पाठवले. फोनवर म्हणाली, “बाबा, लय तुम्हाला कळते. काकांना घेऊन एकदा शांतपणे बघा. तुम्ही ‘ठेव’ म्हणालात, तर मी भांडेन कंपनीशी.”

काका म्हणजे मी.

आता आमचा पराक्रम ऐका. मंडळी, कीर्तनकाराला एक खोड असते. नवी पोथी हातात आली की आम्ही ती वाचत नाही – तिच्यातला कथाभाग काढून घेतो! कोण, कुठला, काय घडलं, शेवट काय. वहीत चार ओळींचं टिपण. बाकीचं रंगवायला आम्ही आहोतच. मी वही घेऊन बसलो, विष्णुपंतांच्या हाती रिमोट. मालिका दीडपट वेगानं लावली, आणि कुणी गप्प बसलं की बटण दाबून पुढं! आठ भाग एका दुपारीत उरकले. टिपण झकास झालं. पाचव्या भागापुढं मी काय लिहिलं? ‘आईकडे जातो. चहा.’

विष्णुपंतांनी फोन केला. “छान झालंय गं. तेवढा चहा मात्र काप.” मी मागून ओरडलो, “कथेला काही बाध येत नाही!”

“बरं,” म्हणाली ती.

पुढच्या शनिवारी केतकी घरी आली. जेवणं झाल्यावर तिनं सहज विचारलं, “काका, तो बोलायला तोंड उघडतो, तेव्हा म्हातारी काय करते?”

मी वही उघडली. वहीत चहा! विष्णुपंत छताकडं बघायला लागले.

ती रागावली नाही हो. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं लॅपटॉप उघडला, जुनी न कापलेली चार मिनिटं लावली. आम्ही बघितली. खरं सांगू? देवाच्या दारात खोटं कशाला – मला कंटाळा आला. ही बाई उगीच नळ सोडते, डबा आपटते, आलं किसते. चाललंय काय?

केतकी म्हणाली, “काका, शेवटच्या भागात काय कळतं?”

मी टिपण बघितलं. ‘आईला सगळं आधीपासून ठाऊक असतं – पोरगा गेला, हा कोण.’

“आता पुन्हा बघा.”

पुन्हा बघितलं. तीच बाई, तोच नळ. तो तोंड उघडतो – ही नळ सोडते. तो ‘आई’ म्हणतो – ही डबा आपटते. मंडळी, ती चहा करत नव्हती! ती त्याला बोलू देत नव्हती. त्यानं एकदा तोंडानं सांगितलं, की मग पोरगा खराच गेला. जोवर चहा उकळतोय, तोवर लेक आहे.

रडलो मी. विष्णुपंत उठून मागच्या दारी गेले. मी म्हटलं, “केतकी, ठेव ते! कंपनीशी भांड!”

“मंगळवारीच कापलं, काका,” ती म्हणाली. “तुम्ही दोघं म्हणालात म्हणून.”

आता सांगा, चूक कुणाची? पहिल्या खेपेला मी कंटाळलो, हे खरं. दुसऱ्या खेपेला रडलो, तेही खरं. मग संथ कोण होतं – ते दृश्य, की मी? कंपनी म्हणते, पहिल्यांदाच उठून गेलेला माणूस दुसऱ्यांदा येईल कशाला? तेही पटतं हो! तीन गावांत हे आख्यान लावलं, प्रत्येक ठिकाणी वेगळंच उत्तर सुचलं. आज एकही सुचत नाही.

एवढं मात्र कळतं. निघताना केतकी वडिलांच्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, “बाबा, पुढचं काम तुम्हाला दाखवायला नाही पाठवणार. उगीच तुमचा वेळ जातो.” विष्णुपंत ‘बरं’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मंडळी, आता जरा आपापल्या घरात डोकावा. कुणी काही दाखवायला आलं की आपण काय म्हणतो? ‘हं, पुढं बोल. मुद्दा काय?’ सून सांगते, नातू दाखवतो, बायको काही म्हणते, आणि आपण कथाभाग काढून घेतो! मग एक दिवस ते दाखवायचं बंद करतात. आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण असलं कुणी सांगून बंद करत नाही. आमच्या केतकीनं निदान सांगितलं.

विष्णुपंत, ठेका धरा. मंडळी, आता नाम घेऊ. मला उद्या पहाटेची गाडी आहे – असू दे. सावकाश घेऊ.