आत्याबिगर बारसं

— तर तेच म्हणतीया न्हवं का मी, डाक्टरीणबाई, की माझ्या दम्याचा आणि माझ्या आईचा काय संबंध? तुमी पुण्यास्नं शिकून आलाय, कागदावर लिवायचं असंल तर लिवा — मनुबाई, वय चौतीस, मालक मिल्ट्रीत, एकाहत्तरच्या लढाईपास्नं पठाणकोटला, एक पोरगी — पर छाती दाटती ती दाटती. फुप्पुसाला काय ठावं आई कुणाच्या घरात ऱ्हाती? मोठं डाक्टर असलं कायबी इचारत न्हाईत. सुई टोचत्यात, नळी लावत्यात, घरला लावून देत्यात. तुमीच एक — ल्हानपणी काय झालं, कुणी मारलं का, आई कशी व्हती. आई चांगली व्हती. माझ्या आईला नाव ठिवायचं न्हाई. आणि मारलं कुणीच न्हाई मला. बोटसुदीक लावलं न्हाई कुणी.

बरं, ऐका. माझा भाऊ हंबीरराव जन्मला तवा मी तीन वर्साची. आई लय आजारली, ताप हटंना, घरात दोन लेकरं बघणार कोण? विट्याच्या मावशीला मूल न्हवतं. बाबानं मला तिच्या ओटीत घालायचं ठरीवलं. निघायच्या दिशी मी बाळंतिणीच्या खोलीच्या दारात हुबी, अंगावर नवं परकर-पोलकं. आत बाजंवर आई, कुशीत त्यो. बाळंतपणाचं सोयर फिटलं न्हवतं अजून, आठवा का नववा दिस — तुमच्यात पाळत्यात का न्हाई कुणास ठाऊक, आमच्यात सोयरात बाळंतिणीला शिवायचं न्हाई. मी हात म्होरं केला तर आई म्हणली, "शिवू नगंस बाय, नवी कापडं इटाळतील. सोयर फिटलं की आणाय येती तुला." लय मायेनं म्हणली हां. आणि त्यो? त्यो तिच्या अंगाला चिकटून निजलेला! त्याला न्हाई सोयर, त्याला न्हाई इटाळ. मलाच सगळं.

सोयर दोन-चार दिसात फिटलं असंल. आणाय कोण आलं न्हाई. न्हाई, रडले न्हाई मी. मावशी गावभर सांगायची, पोरगी लय शानी, डोळ्यात टिपूस न्हाई. म्हैनाभर न्हाई रडले, आणि एक दिस दुपारची भाकरी खातखात धाप लागली. नखं निळी पडली. मावशी घाबरली, माणूस धाडला — आणि आई आली! बैलगाडीत बसून, त्याला शेजारच्या लेकुरवाळीपाशी ठिवून आली! ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली माझी. दोन दिस तिच्या मांडीवर डोकं. मग मी बरी झाले आणि ती गेली. जाणारच की. बऱ्या माणसापाशी कशापायी थांबंल कोण?

तवापास्नं हाय हे. तुमी बोटं मोजाय लावली म्हणून आठवतंय — त्याला शाळंत घातला तवा धाप लागली, त्याचं लगीन ठरलं तवा लागली, त्यानं हिरीवर इंजान बसवलं तवा बी लागली. मग? त्याच्या घरात बारा म्हैने कायतरी चांगलं चालूच असतंय, त्याला मी काय करू? सोंग न्हाई बाई हे. सोंगानं नखं निळी पडत्यात व्हय? पाडून दावा.

आई त्याच्याकडंच ऱ्हाती. मी म्हणलं माझ्याकडं चल, मालक न्हाईत, आख्खं घर पडलंय. तर म्हणती, लेकीच्या दारात किती दिस बसू गं, लोक हसतील. लोक! मी त्यांच्यात जेवाय बसले की मला इचारती, "आणि पायजे का गं?" त्याला इचारतच न्हाई कवा. वाढती. एवढीच गोष्ट हाय, पर मला दिसती. पोटात आग पडती माझ्या, खोटं कशाला बोलू. — माझी पोरगी? ती गावाकडं सासूपाशी ठिवलीया. माझ्यापाशी असली की सारखी पदराला धरून, आई आई आई — मला न्हाई सोसत, जीव गुदमरतो. पोट दुखतं म्हणती सारखं. जंताचं असतंय ते.

आता बगा. त्याला तीन पोरींवर पोरगा झाला. आज बारसं. आणि बारशात बाळाच्या कानात नाव कोण सांगतंय? आत्या. आणि सख्खी आत्या कोण? मी. एकटी! आत्याबिगर बारसं व्हत न्हाई, आणि आत्या हितं सांगलीत, दवाखान्याच्या पलंगावर. ऱ्हाईलं का न्हाई बारसं? चार दिस झालं, आई माझ्या उशापाशी बसून हाय, त्याच्या लेकाचं बारसं सोडून! ह्या खेपंला त्याला बसू दे म्हणावं वाट बघत.

गोळ्या? घेत हुते की. रोज दोन. म्हंजे — बारशाचा सांगावा आला तवापास्नं जरा ऱ्हाईल्या. इसरले. इसरले म्हंजे — डबी काढायची, उघडून बघायची आणि परत झाकायची. आवं, हे लिवू नगा! खोडा ते! मोठ्या डाक्टरांस्नी सांगू नगा, आणि आईला तर — माझी शप्पत हाय तुमास्नी. तिला न्हाई कळलं पायजे. नळावर गेली असंल ती, बोलवा जरा तिला. रातच्या सुईनं मला गाढ झोप लागली, सकाळपास्नं दिसलीच न्हाई ती —

काय?

कितीच्या गाडीनं?

साडेसातच्या. — बरं. — मला उठवू नगा म्हणली? — व्हय, तशी ती मायाळूच हाय. — आणि नाव कोण ठिवणार मग? हरणाबाई? ती चुलत आत्या. चुलत चालती व्हय त्यास्नी? — चालत असंल. आत्याचं लुगडं बी तिलाच नेसवतील. — म्हंजे हे सांगायला आला हुता तुमी? मग एवढं बोलू कशाला दिलं मला?

न्हाई, नळी नगं. धाप न्हाई लागली. बगा, कसा सरळ चाललाय श्वास. आता कशाला लागंल?

तुमी जावा. त्या पलीकडल्या म्हातारीला तपासा, ती मगाधरनं कण्हतीया. — आणि काय ऱ्हाईलं कागदावर लिवायचं? कळवायचं झालं तर जवळचं माणूस कोण?

मोकळंच ऱ्हाऊ द्या ते. जावा म्हणती न्हवं.