प्रार्थनेच्या वेळी आलेली ऑर्डर

—तेच तर सांगतोय वकीलबाई, शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे दंडात दिलेली डुकरीण मघाशी म्हणालो तेवढी मोठी नव्हती, ते सोडा. संध्याकाळी शंख वाजला, अख्खं गाव आपापल्या घरात प्रार्थनेला बसलं, मीही बसलो — आणि मांडीखाली फोन किणकिणला. ऑकलंडहून कुणीतरी आईसाठी कोंबडीच्या तंगड्यांचं खोकं मागवलं होतं. माझं दुकान चालतंच असं — पोरं परदेशातून फोनवर मागवतात, मी त्यांच्या आयांच्या दारात सामान पोचवतो. तर ॲपनं ऑर्डर घेतली. आपोआप हं. माझे डोळे मिटलेले. पाहिलं कुणी? माझ्या मेव्हण्यानं, लेउपोलूनं — घराण्याचा कर्ता म्हणून गावच्या सभेत बसतो ना, तो. आता प्रार्थनेच्या वेळी दुसऱ्याच्या घरात बघायला स्वतःचे डोळे उघडे लागतात, हे सभेत एकाला सुचलं नाही. त्याचंही दुकान आहे, रस्त्यापलीकडे, धूळ खात पडलेलं. म्हणाला, “तोएतू, देवाच्या वेळेत धंदा केलास.” डुकरीण दिली, मासळीच्या डब्यांची खोकी दिली, तरी वर सभेचा हुकूम — दुकान बंद कर, नाहीतर गाव सोड. अंगणात बापाचं थडगं आहे, बाई. ते काय पाठीवर घेऊन जाऊ?

तुम्ही म्हणता सामोआच्या राज्यघटनेत माझे हक्क आहेत, कोर्ट सभेचा कान धरेल. धरू दे की. पण मला सांगा — दोन मिनिटांत ऑर्डर घेतली नाही की दुकान यादीच्या तळाशी, पुन्हा तसंच झालं की यादीतूनच गायब — हा कायदा कुणी केला? कंपनीनं. कुठल्या सभेत? कुणाला विचारून? मी लिहिलं, प्रार्थनेपुरती सूट द्या. उत्तर आलं, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. मोलाचं म्हणे! इथं सभेपुढं पहाटे डोक्यावर चटई पांघरून माफीला बसलो, तर कुणीतरी उठून ती उचलतं, म्हणजे माफ केलं — लेउपोलूसुद्धा उचलेल, शिव्या घालत का होईना. कंपनीच्या कुठल्या दारात बसू? दार आहे का तिला? मग त्यांच्यावर लावा ना दावा, माझ्या गावावर काय लावताय — काय? गावावरचाच दावा टिकेल? ऑर्डर मी घेतलीच नाही, ॲपनं घेतली, एवढ्यावर?

एवढ्यावरच?

मालिया, पोरी, बाईंसाठी कोको ठेव जा. जा म्हणतो ना.

ते आपोआपचं मी रचलं. अंगठा माझाच होता. ओठावर देवाचं नाव, नजर घड्याळावर, आणि दोन मिनिटं संपत आलेली — दाबला. रोजच दाबतो. लेउपोलूनं खरं तेच पाहिलं, मेल्यानं. आता कोर्टात उभं राहून त्याला खोटं पाडू? नाही जमायचं. कोको राहू द्या, उठा — फेरीबोट चुकेल तुमची.