टाळी दोनवर

आदरणीय अध्यक्ष महोदय, मंचावर विराजमान झालेले मोठे डॉक्टर, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आम्हाला चालायला शिकवणाऱ्या बाई, आणि समोर बसलेल्या दोन पायांच्या, दीड पायाच्या सर्व बंधू-भगिनींनो! दीड म्हटलं म्हणून रागावू नका, मीही तुमच्यातलाच.

मी हॉटेलातला वेटर. चारचौघांत आजवर बोललो ते एवढंच, "काय आणू?" तेव्हा सांभाळून घ्या.

ट्रकखाली माझा डावा पाय गुडघ्यापासून गेला. मालक दवाखान्यात भेटायला आले. भला माणूस! म्हणाले, "काळजी करू नकोस, तुला गल्ल्यावर बसवतो." बसवतो? ज्याची हयात भरल्या कपांचा ट्रे घेऊन टेबलांमधून सुळकन निघण्यात गेली, त्याला बसवतो? मी भिंतीकडे तोंड केलं, ते कितीतरी दिवस वळवलंच नाही.

मग नवा पाय बसला. त्याला आम्ही सगळे पेशंट 'जावई' म्हणतो. पावडर लावा, मऊ मोजा चढवा, तरी जरा कुठे बोचलं की हा रुसलाच! आणि जावयाला कामाला कोण जुंपणार? मी आपला सरावाच्या दोन आडव्या दांड्यांना धरून चांगल्या पायावर उड्या मारत होतो.

एका सकाळी बाईंनी खिडकीतला टेपरेकॉर्डर लावला. जुनी जॅझ गाणी. म्हणाल्या, "टाळी वाजवा." आम्ही वाजवली, अर्थातच एकवर, ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर. आपल्या हाताला दुसरं ठाऊक आहे का? बाई ओरडल्या, "एकवर कसली झडप घालताय? एक जाऊ द्या, दोनवर द्या! आणि टाळी पडेल तिथे जावई पडला पाहिजे." झालं! टाळी दोनवर जाईना आणि भार जावयावर जाईना. आमच्यातला एक प्लंबर तर म्हणाला, "बाई, पाय एक वेळ फुटेल, पण ही सवय सुटायची नाही."

गाण्याचे शब्द काही कळायचे नाहीत. एकदा विचारलं, "बाई, ही गाणारी काय म्हणतेय?"

"प्रियकर सोडून गेलाय. घर खायला उठलंय."

"मग एवढी झोकात का गातेय?"

"रडून झालंय तिचं," बाई म्हणाल्या. "आता ठेका धरलाय. चला, जावई पुढे."

तेच गाणं दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच गळ्यातून यायचं, तिसऱ्या दिवशी शब्दांशिवाय, नुसतं ट्रम्पेटच्या कर्ण्यातून. चाल ओळखीची, चालणं ज्याचं त्याचं. मला फार बरं वाटायचं. माझं डुलत चालणंही त्यात खपून जायचं. खोटं कशाला बोलू, पाय गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो तो त्या दांड्यांमध्ये.

बाईंनी एक कॅसेट घरी दिली. ती मी दिवसभर लावायचो. सौभाग्यवती वैतागली. "अहो, हा जॅझ आहे की जाच?" तिचंही बरोबर होतं म्हणा. भाजी चिरायची तीसुद्धा त्या कर्ण्याच्या कलकलाटात!

शेवटी मालकांनी परीक्षा ठरवली. ऐन दुपारची गर्दी, सहा भरलेले कप, स्वयंपाकघरापासून कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत. सांडलं तर गल्ला. त्या टेबलावर सौभाग्यवतीच बसली होती. मी ट्रे उचलला, दारात आलो आणि थिजलो. नुकतीच पुसलेली फरशी, भांड्यांचा खणखणाट, आणि गाणं कुठेच नाही. डोक्यातलं होतं तेही पळालं. जावई जागचा हलेना.

मंडळी, टाळी वाजवून वेटरला बोलावणारं गिऱ्हाईक माझ्या डोक्यात जातं. अरे, मी काय कबूतर आहे? पण त्या दुपारी कोपऱ्यातून टाळी आली. पुन्हा आली. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. सौभाग्यवती ताठ बसून, नजर माझ्या पायावर ठेवून टाळ्या देत होती. एक सोडून, दोनवर. तीन सोडून, चारवर. जाच म्हणणारी ही बाई रोज ऐकता ऐकता शिकून बसली होती!

मी निघालो. टाळी, जावई. टाळी, जावई. सहाही कप टेबलावर उतरवले, एकाही बशीत थेंब नाही. ती म्हणाली, "किती वेळ! चहा गार झाला की." आणि मी भर हॉटेलात, गिऱ्हाइकांसमोर, लहान पोरासारखा रडलो. मालक गल्ल्यावरून म्हणाले, "रडून झालं असेल तर चार नंबरला पाणी दे."

बाई, पाय कारागिराने बनवला, डॉक्टरांनी बसवला, त्यांचे आभार. त्याच्यावर भार टाकायची छाती मात्र तुमच्याकडून उसनी आणली. ती काही मी परत करणार नाही, तुम्ही निवृत्त झालात तरी. अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही सर्वांनी कान दिलात, मी ऋणी आहे. माझ्याकडून काही उणं-अधिक वाढलं गेलं असेल, तर वेटरची चूक समजून पोटात घाला.