हरभऱ्याचा दारूगोळा

बायांनो, खेळातलं जहाज बुडवण्यासाठीच बनवतात, हे मला लग्नानंतर कळलं. आमच्या ह्यांनी रेडिओच्या डब्यानं दुरून चालणारं लढाईचं जहाज पहिल्यांदाच बनवलं. सौसर गावचे त्यांचे एक दोस्त आपलं जहाज घेऊन आमच्या हौदावर आले.

"याचं पोट इतकं पातळ कायले केलं?" मी विचारलं.

"छर्ऱ्यानं भोक पडलं पाहिजे ना! ज्याचं बुडलं, तो हरला."

मला मोठं नवल वाटलं. पण जहाजावरच्या तोफेत सायकलचे लोखंडी छर्रे पाहून जीव घाबरला. पोरगी नुकती चालायला लागली होती.

"अवो, पोरीच्या डोयात गेला तर?"

ह्यांनी छर्रे काढून घेतले. "बरं, आज हरभरे भरू."

मी बारीक हरभरे निवडून दिले. तोफा भरून जहाजं पाण्यात सोडली अन् दोघं आधी जेवायला बसले. जेवण अन् गप्पांत दोन-तीन तास गेले.

मग मी पोरीला पोटाशी घट्ट धरून उभी राहिले. हे बटन दाबून राहिले, दोस्त दाबून राहिले, पण काहीच उडेना. दोघंही नवशिके, तोफांच्या कच्च्या जोडातून पाणी शिरून हरभरे आतच टम्म फुगले होते.

दोस्तानं तोफेत डोकावून पाहिलं. "वहिनी, लढाई राहू द्या. या हरभऱ्यायले मोड आले की उसळ खायले येतो."