पाचवीचा पाट

उत्तमराव : नाही म्हन्लं ना, तानुबाई! हे लुगडं घे अन् मागच्या दारानं निंघ. नातवाच्या पाचवीले पाटावर अकोल्याचे डाक्टर बसतीन.

तानुबाई : पाचवीच्या पाटावर सुईण बसते, पाटील. तुमी जन्मले तवा माही माय बसली होती.

उत्तमराव : तवाची गोष्ट येगळी. आता दूर देशी लढाई लागली, कापसाले सोन्याचा भाव आला. गावात कोणाच्या दारात डाक्टर आला नाही, तो माह्या दारात आला.

तानुबाई : आला, पण कवा? नातू न्हाऊन-माखून दूध पिऊन राहिला होता तवा.

उत्तमराव : सात कोस यायले येळ लागतेच ना!

तानुबाई : लागते. पण सुभद्राच्या कळा थांबल्या नाहीत तेवढा येळ. बाळ आडवं होतं. तेल लावून या हातानं फिरवलं. सकाळची दुपार झाली, कंबर मोडली माही.

उत्तमराव : म्हणून तर लुगडं देऊन राहिलो. पण डाक्टर म्हणजे शिकेल माणूस. सायबाच्या कचेरीत त्याले खुर्ची भेटते, मले उभं रावं लागते. तो माह्या पाटावर बसला, तर बजारातले सारे व्यापारी मले राम राम करतीन.

तानुबाई : मंग असं सांगा ना! मान त्याच्या दवाईले नाही, खुर्चीले हाये. अन् तो बी तुमालेच पायजे.

उत्तमराव : जीभ आवर! गावातलं बाळंतपण बंद करीन तुह्यं.

तानुबाई : करा. दवंडी पिटा. पुढच्या बाईले कळा आल्या, की तिले सांगजा, डाक्टर येईपर्यंत थांब म्हणून. धरा तुमचं लुगडं!

सुभद्रा (आतून) : मामाजी, त्या दिवशी डाक्टरनं बाळ पायलं अन् तानुबाईलेच इचारलं, आडवं कसं फिरवलं, मले दाखव. त्याहीले लाज नाही वाटली.

उत्तमराव : सूनबाई, तू मधात बोलू नको.

सुभद्रा : बोलीन. मरता मरता वाचली मी. डाक्टरले बैठकीत बसवा, शेला द्या, नारळ द्या. शिकेल हायेत ते. पण पाटावर तानुबाई बसन. नाहीतर मी लेकरू घेऊन बाहेर येत नाही.

उत्तमराव : अवो, त्याहीच्या दमणीचे बैल वेशीत आले असतीन! काय सांगू त्याहीले?

तानुबाई : सांगा, सुईण पूजेले बसली. अन् दारातून सरका जरा, मले समोरून आत जायचं हाये.